योग्य ती समज

एकशे चाळीस मतांनी पडणं काय असतं, हे पडलेल्यालाच कळतं. चार हजारांनी पडलेला माणूस घरी जाऊन पांघरूण घेऊन झोपतो. एकशे चाळीसवाला मात्र नऊ दिवस झाले तरी जिन्यात उभा राहून मनातल्या मनात उजळणी करत असतो. ते कोपऱ्यावरचं कुटुंब ऐन मतदानाच्या दिवशी गावाला गेलं नसतं तर, लॉन्ड्रीवाल्याने शब्द पाळला असता तर. आणि प्रत्येक वेळी त्याची गाडी येऊन एकाच जागी अडते. त्या निवृत्त नर्सबाईने दोनशे बारा मतं खाल्ली, आणि तिच्यासाठी दारोदार फिरलं कोण, तर आपली सख्खी पुतणी.

निकालापासून धाकटा वरच्या मजल्यावरून खाली उतरायचा तो थोरल्याच्या दाराकडे पाठ करून. नऊ दिवसांत दोघा भावांची तीनदा गाठ पडली आणि तिन्ही वेळा दोघांनाही अचानक खिशातली किल्ली शोधायची होती. शनिवारी सकाळी मात्र तो खाली येऊन टेबलाशी बसला, कारण बहिणीने फोनवर दम भरला होता.

"तुझी हार तू नंतर मिरव," ती म्हणाली होती. "पोरीचं वर्ष जातंय."

बहीण विद्यापीठाच्या परीक्षा विभागात नोकरीला. लग्न होऊन गेली तरी या घरातल्या प्रत्येक भांडणात तिची खुर्ची राखीव असायची. आज ती टेबलाच्या मध्यावर बसली, घड्याळ काढून समोर ठेवलं आणि एकदाच स्पष्ट सांगितलं.

"सोमवारी सकाळी शेवटच्या वर्षाचा पहिला पेपर. हिचं प्रवेशपत्र अडवून ठेवलंय. निवडणुकीच्या काळात राजकीय प्रचारात भाग का घेतला, याचं समाधानकारक कारण लेखी द्यायचं. आमच्या विभागाची खिडकी आज दोन वाजता बंद होते. कारण पोचलं तर प्रवेशपत्र, नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

जिच्यासाठी ही सभा भरली होती ती टेबलाच्या टोकाला गप्प बसली होती. ही गोष्ट नवलाची होती. लहानपणी ती अशी अखंड बोलायची की आजोबा, म्हणजे आप्पा, एकदा कळवळून म्हणाले, "हिला कुणीतरी स्वल्पविराम द्या रे." तेव्हापासून ती स्वल्पी. आज पूर्णविराम दिल्यासारखी बसली होती, समोर नोटिशीचं पाकीट, त्यावर हात.

खरं तर हे घर अशा प्रसंगासाठीच जन्माला आलेलं. पुढच्या खोलीत दुकान, रस्ता ओलांडला की सरकारी कचेरी. आधी आप्पा आणि मग थोरला, पन्नास वर्षं इथे लोकांचे अर्ज लिहिले जात होते. बदली, बढती, रजा, हद्द, दाखला, कुणाची म्हैस कुणाच्या शेतात शिरली इथपासून कुणाचा नवरा कुणाच्या घरात शिरला इथपर्यंत. पन्नास वर्षांत एक कारण कमी पडलं नव्हतं, आणि आज घरच्या पोरीसाठी एक सापडत नव्हतं.

"बाकीच्यांनी काय लिहिलंय?" थोरल्याने विचारलं. आवाजात काळजी होती, पण थोडी धंद्याची उत्सुकताही होती.

"एकूण चौदा जणांना नोटिसा. तेरा उत्तरं आली, मीच फायलीला लावली." आत्याने चहाचा घोट घेतला. हसू दाबायला तिला चहाची गरज होती. "एक म्हणतो, समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी गेलो. विषय रसायनशास्त्र. दुसरा म्हणतो, मित्राला शोधायला गेलो आणि मिरवणुकीत सापडलो. फोटोत त्याच्या हातात भोंगा आहे."

"मित्राला हाका मारत असेल," स्वल्पीची आई म्हणाली.

"तिसऱ्याला फुकट टी-शर्ट मिळाला. त्यावर पक्षाचं चिन्ह आहे हे म्हणे धुतल्यावर कळलं. एका मुलीने सात पानं लोकशाहीवर लिहिलीत. सातव्या पानावर 'वरील कारणास्तव' असं येतं, आणि वर कारण कुठेच नाही. दोघांनी एकच उत्तर दिलंय, त्यात दुसऱ्याने पहिल्याचं नाव बदललेलंच नाही. एकाने लिहिलंय, वक्तृत्व सुधारावं म्हणून गेलो. ते मात्र आमच्या साहेबांना फार आवडलं."

"म्हणजे एकानेही लिहिलं नाही, की वाटलं म्हणून गेलो?" आईने विचारलं.

"वहिनी, सरकारी कागदावर 'वाटलं' चालत नाही."

थोरल्याने कोरा कागद पुढे ओढला. कागद समोर आला की त्याचं चित्त ठिकाणावर येई. "लिहू या. 'वयोमानानुसार असलेल्या अपरिपक्वतेमुळे आणि मैत्रिणींच्या आग्रहाला बळी पडून'..."

"बळी नको," आप्पा म्हणाले. "बळी म्हटलं की चौकशी लागते. दिलगिरी वर घे, दिलगिरी खाली घे, कारण मधल्या ओळीत झोपवून ठेव. साहेब पहिली ओळ वाचतात आणि शेवटची."

"त्यापेक्षा खरं लिहा ना," धाकटा बोलला. नऊ दिवसांतलं या मजल्यावरचं त्याचं हे पहिलं वाक्य. "'मी काकाला पाडायला गेले होते.' कारणही आहे आणि समाधानकारकही आहे. पडलोय मी."

"भावोजी," आई म्हणाली, "तुम्हाला पडायला तिची काय गरज होती? मागच्या वेळी ती शाळेत होती."

आप्पांना खोकला आला, तो बराच वेळ चालला.

धाकट्याने तो घाव गिळला. आता बोलायला तोंड फुटलंच होतं, तर त्याने मान वळवून पुतणीकडे पाहिलं. प्रचाराच्या दिवसांत एकदा त्याने तिला लॉन्ड्रीपाशी पाहिलं होतं. लॉन्ड्रीवाला तावातावाने बोलत होता आणि ही वहीत लिहून घेत होती, चाळीस मिनिटं. त्याची स्वतःची माणसं त्याच लॉन्ड्रीपुढे फोटो काढून चार मिनिटांत निघून गेली होती. त्याला तेव्हा राग आला होता तो ती विरोधात आहे याचा नव्हता, ती आपल्याकडे नाही याचा होता. बोलावलं तर आली असती का, हे आता कळायचा मार्ग नव्हता, कारण त्याने बोलावलंच नव्हतं. घरची पोर आहे, येईलच, असं धरून चालला होता तो.

"मला एक सांग," तो म्हणाला. "ती बाई तुम्हाला देत काय होती?"

"चहा," स्वल्पी म्हणाली. "तोही आम्हीच करायचो."

"माझ्याकडे नाश्ता होता."

"माहितीये, काका. आमच्यातले दोघं रोज तुमच्याकडे खाऊन मग आमच्याकडे यायचे."

धाकट्याच्या ओठांचा कोपरा हलला. त्याने तो लगेच जागेवर आणला.

"बारा वाजत आले," आत्या म्हणाली.

"आधी नोटीस दाखवा रे मला," आप्पांनी हात पुढे केला. "उत्तराच्या आधी प्रश्न वाचावा. तुम्ही सगळे घोड्यावर बसून आलायत."

स्वल्पीने पाकिटावरचा हात लगेच उचलला नाही. मग उचलला आणि पाकीट आजोबांकडे सरकवलं. आप्पांनी भिंग काढलं. नोटीस वाचली, बाजूला ठेवली. खाली एक जोडपत्र होतं, ज्या तक्रारीवरून हे सगळं सुरू झालं तिची नक्कल. घरात तीन दिवस उत्तराची चर्चा चालू होती, ती नक्कल कुणी उलटून पाहिली नव्हती. आत्यानेही नाही, तक्रारींची फाइल साहेबांच्या कपाटात असते.

"'महोदय,'" आप्पा मोठ्याने वाचू लागले. "'अशि माहिति मिळालि आहे कि, आपल्या संस्थेतिल काहि विद्यार्थि अभ्यास सोडून...'"

ते थांबले. भिंग कागदाच्या आणखी जवळ नेलं. मग पुढे वाचलं, पण आवाज खाली आला होता. "'तरि नम्र विनंति कि, त्यांना योग्य ति समज देण्यात यावि. आपला, एक जागरूक पालक.'"

सगळ्या वेलांट्या त्यांनी छापल्या होत्या तशा, ऱ्हस्वच वाचल्या. टेबलाभोवती प्रत्येकाने ते ऐकलं आणि ओळखलं. आप्पांच्या पहिल्या टंकयंत्राची दीर्घ वेलांटीची कळ दुसऱ्याच वर्षी तुटली. दुरुस्तीला यंत्र दिलं तर आठवडाभर दुकान बंद, म्हणून आप्पांनी सगळीकडे ऱ्हस्व ठोकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगायचे, ही जुन्या वळणाची भाषा, कचेरीत वजन पडतं. मुलं शिकली तीही याच यंत्रावर आणि याच नमुन्यांवरून. मग संगणक आला, त्यात सगळ्या वेलांट्या शाबूत होत्या, पण बोटांना ते कुणी कळवलं नाही. शहरात, जिल्ह्यात, बहुधा या पृथ्वीवर 'नम्र विनंति कि' असं लिहिणारं एकच दुकान होतं आणि ते या टेबलापासून बारा पावलांवर होतं.

सगळ्यांच्या नजरा धाकट्याकडे वळल्या. हरलेला तो, चिडलेला तो.

"माझ्याकडे काय बघताय?" धाकटा म्हणाला. "मला टायपिंग येतं का? दोन बोटांनी बडवतो म्हणून आप्पांनीच मला दुकानातून हाकललं. म्हणून तर राजकारणात गेलो."

मग नजरा तिथून निघाल्या आणि थोरल्यावर येऊन थांबल्या.

थोरला त्या कोऱ्या कागदाकडे बघत होता. त्याला वाटलं, आत्ता उठून दुकानात जावं, कुणीतरी गिऱ्हाईक यावं, त्याच्या म्हशीबद्दल सविस्तर बोलावं. पण शनिवारी कचेरी बंद असते आणि गिऱ्हाईक येत नाही.

"मी फक्त समज द्या म्हटलं होतं," तो म्हणाला. "नावही घातलं नव्हतं. मला वाटलं, प्राचार्य बोलावतील, चार शब्द ऐकवतील, ही घरी बसेल. त्यांनी कागद विद्यापीठाकडे धाडला, तिथे प्रचाराच्या फोटोंवरून चौदा जण शोधले. प्रवेशपत्र अडवतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं."

"तीन दिवस तू शेजारी बसून तिचं कारण शोधतोयस," आत्या म्हणाली. "आणि मी इकडे साहेबांचे पाय धरतेय."

"दादा," धाकटा उभा राहिला होता. "मी पडलो. हिच्यामुळे पडलो, मी अजून म्हणतो. माझ्या कार्यकर्त्यांनी निकालाच्या संध्याकाळीच हिच्याविरुद्ध कागद तयार करून आणला होता, सहीसाठी. मी तो त्यांच्या तोंडावर फाडला. घरची पोर आहे म्हटलं. आणि तू?"

थोरल्याला याचं उत्तर देता आलं असतं. लहान भावाला तो कायमच उत्तर देत आला होता. पण या वेळी लहान भाऊ बरोबर होता, आणि या परिस्थितीची त्याला सवय नव्हती.

"तो निवडून आलेला कंत्राटदार," तो अखेर म्हणाला. "मतदानाच्या आधी त्याची तीन माणसं दुकानात आली होती. एक साधा दाखल्याचा अर्ज लिहून घेतला. जाताना एक जण म्हणाला, तुमची मुलगी फार फिरते हो, ऊन लागेल. एवढंच म्हणाला. हसत म्हणाला." त्याने पेन उचलून परत ठेवलं. "मी घाबरलो. दुसरं काही नाही. घाबरलो मी."

"मग मला सांगायचं," आई म्हणाली. तिचा आवाज आता थट्टेचा राहिला नव्हता. "तिला सांगायचं. समज द्यायचीच होती तर पोरगी रोज तुमच्या समोर जेवायला बसते. विद्यापीठामार्फत कशाला पाठवलीत?"

"बोलता आलं नाही," थोरला म्हणाला. "लिहिता येतं, म्हणून लिहिलं."

आप्पांनी भिंग मिटून खिशात टाकलं. "पन्नास वर्षांत या दुकानातून निनावी कागद गेला नव्हता," ते म्हणाले. थोरल्याला तेवढं पुरलं.

वातावरण जमिनीवर आणलं ते आत्याने. "रडारड दोननंतर करा. ऐका. तक्रारदाराने नाव देऊन तक्रार मागे घेतली, तर नोटीसच रद्द होते. चौदाच्या चौदा सुटतात. हिला उत्तर द्यायचीही गरज नाही. दादा, बस आणि लिही."

थोरला पुढच्या खोलीत गेला आणि संगणकासमोर बसला. मागे दारात सगळे उभे. 'मी, खाली सही करणार' इथपर्यंत बोटं सवयीने धावली आणि मग थांबली. आजवर या जागी हजारो नावं लिहिली होती, स्वतःचं कधी लिहिलं नव्हतं. त्याची रजा, त्याची बदली, त्याची हद्द असं काही नव्हतंच. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने आयुष्यातला पहिला अर्ज स्वतःच्या नावाने केला, आणि तो असा होता. नाव आणि माघारीच्या दोन ओळी लिहून झाल्यावर त्याने कागद छापला, सही केली आणि न वाचता बहिणीच्या हातात दिला.

"स्कूटर मी काढतो," धाकटा म्हणाला. "बसने गेलात तर दोन वाजतील. चल गं, मतं खाणारी, बस मागे. आत्या रिक्षाने येईल."

"खिडकीवर मीच बोलायचं आणि मीच रिक्षाने?" आत्या म्हणाली. शेवटी ती स्कूटरवर गेली आणि स्वल्पी रिक्षाने.

सव्वा वाजता दोघी खिडकीशी पोचल्या. साहेबांनी अर्ज वाचला, 'विनंति'वर क्षणभर रेंगाळले, मग शिक्का मारला. प्रवेशपत्र मिळालं. स्वल्पीच्या दप्तरात तिने स्वतः लिहिलेलं उत्तर होतं, पहिल्याच दिवशी लिहिलेलं, घरात कुणी विचारलं नाही म्हणून कुणाला न दाखवलेलं. तिने ते बाहेर काढलं तसा आत्याने तिचा हात धरला.

"आता नको. हे दिलंस की फाइल परत उघडते. सोमवार-मंगळवार शेरे मारत बसतील. गप्प घरी चल."

"बरं," स्वल्पी म्हणाली, आणि कागद परत दप्तरात गेला.

ती घरी आली तेव्हा थोरला दुकानातच बसला होता, बंद संगणकासमोर. तिने प्रवेशपत्र दाखवलं. त्याने ते दोन्ही हातांनी धरून बघितलं आणि परत दिलं. मग तिने तो दुसरा कागद काढला, टेबलावरचं पेन घेतलं, 'प्रति, मा. परीक्षा नियंत्रक' ही ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'बाबा'.

"विचारलं तुम्हीच होतं," ती म्हणाली. "म्हणजे उत्तरही तुम्हालाच मिळायला हवं."

"तुला ठाऊक होतं?"

"पाकीट उघडलं तेव्हाच. तिसरीत बाईंनी माझ्या सगळ्या वेलांट्यांचे गुण कापले होते. मी म्हटलं होतं, माझे बाबा असंच लिहितात, त्यांना जास्त कळतं."

"मग तीन दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते."

थोरल्याने चष्मा लावला. कागद अर्ध्या पानाचा होता. दिलगिरी वरही नव्हती आणि खालीही नव्हती.

'मी प्रचारात भाग घेतला याचं कारण असं. मी लहान असताना वडिलांच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायचे. तिथे एक बाई यायच्या, दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या. त्यांच्या गल्लीत दिवा नव्हता, त्या दोनदा पडल्या होत्या. त्यांनी दिव्यासाठी सात अर्ज केले, सातही माझ्या वडिलांनी लिहिले. आठव्यांदा आल्या तेव्हा त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता. वडिलांनी पुन्हा मन लावून लिहिलं, वाचून दाखवलं आणि म्हणाले, बाई, या वेळी अर्ज फारच उत्तम झालाय. त्या म्हणाल्या, हो, फार छान झालाय. आणि रडल्या. त्याच बाई या वर्षी निवडणुकीला उभ्या राहिल्या, म्हणून मी गेले. मला वडिलांच्या अर्जात एकही चूक दिसली नव्हती. दिवा तेवढा दिसला नव्हता.'

थोरल्याने एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. ती बाई त्याला चांगली आठवत होती, ते वाक्यही आठवत होतं. खुशीत म्हटलं होतं त्याने ते. त्या दिवशी तो खरंच खूश होता. नर्सबाई म्हणजे तीच बाई का, हे त्याने गेल्या महिनाभरात एकदाही विचारलं नव्हतं. चष्मा काढून त्याने डोळे पुसले आणि ते लपवायचा प्रयत्न केला नाही.

"लागला का दिवा?" त्याने विचारलं.

"नाही."

तो उठला आणि खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घालू लागला. "चल. मला ती गल्ली दाखव."

"बाबा, परवा माझा पेपर आहे," स्वल्पी म्हणाली. "मंगळवारी जाऊ."